गंगथडीची जुनी पाहणी व नवी पाहणी

अंबड तालुक्यांतील शहागड हें गोदावरीच्या डाव्या तीरावरील गांव इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. प्रस्तुत लेखांत मात्र तेथील भूमीचाच विचार कर्तव्य आहे. अशा भूमीचें मोजमाप पूर्वीं कशासाठीं झालें, आणि ती पुढेंही पिकत राहील कीं नाहीं हें आतां कसें ठरवावें?

पर्जन्यावरून भूमीची पारख करण्याची रीति प्राचीन आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या सीताध्यक्षप्रकरणांत निरनिराळ्या देशांचें पर्जन्यमान द्रोणांत दिलें असून त्यांत गोदातीरच्या अश्मक देशाचाही निर्देश आहे. पुढें औरंगजेबाच्या दुसऱ्या सुभेदारींत (१६५२-५८) दिवाण मुर्शिद कुलीखान यानें दक्षिणेंत जमिनीची पाहणी करविली. जेथें बटाई ठरली तेथें केवळ पावसावरील पिकाचा निम्मा भाग सरकारचा, विहिरीवरील धान्याचा तिसरा. पाणी काढण्याचे श्रम रयतेचे, हें त्याच्या ध्यानीं होतें. परंतु खडकाळ माळ व ओढे त्याच्या अमिनांनीं लागवडीच्या जमिनींतून वेगळे काढले. ज्यावर सारा बसत नाहीं त्याचा हिशेब दिवाणानें कां ठेवावा?

नव्या पाहणीचा आरंभ नेमका त्या वगळलेल्या माळांपासून होतो, आणि माझ्या मतें दोहोंतील मुख्य भेद हाच होय. याच जिल्ह्यांतील, जालना तालुक्यांतल्या कडवंची गांवीं १९९६ पासून २००२ पर्यंत, खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्राच्या साहाय्यानें, इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचें काम झालें. गांवानें आधीं कुऱ्हाडबंदी, चराईबंदी व श्रमदान पत्करावें, ही त्या कार्यक्रमाची अट. काम माथ्याकडून पायथ्याकडे चालतें. प्रथम उतारावर चर, मग शेतांची बांधबंदिस्ती, शेवटीं नाल्यावर बांध. कोणता ओढा केव्हां आटतो हें गांवकऱ्यासच ठाऊक असतें. नकाशा तें सांगत नाहीं. २०१२ च्या अवर्षणांत कडवंचीच्या द्राक्षबागा तगल्या. तथापि विहिरीचें पाणी उपसून शेततळीं भरण्याची जी चाल मराठवाड्यांत पडली आहे, ती मला घातक वाटते. भूगर्भांत सर्वांचें असलेलें पाणी तळ्यांत एकट्याचें होतें.

शहागडाकडील प्रश्न निराळा आहे. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ सालीं पुरें झालें. त्याचा डावा कालवा अंबड तालुक्यांतून जातो आणि त्याच्या आधारें ऊंस वाढला. नदी व कालवा दोन्ही असतां माळाकडे कोण पाहतो? पण धरण न भरल्यास कालव्याची पाळी येत नाहीं, आणि तेव्हां विहिरीचाच भरंवसा. नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पानें २०१८ पासून गांवकऱ्यांसह पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीति घातली आहे. पडलें किती, वाहून गेलें किती, मुरलें किती, पिकांस लागेल किती, असा तो हिशेब. तो रब्बीच्या पेरणीपूर्वीं ग्रामसभेंत वाचला जावा, आणि त्यांत उंसाचा खर्च वेगळा दाखवावा. पाणी भरणाऱ्या स्त्रिया व मेंढपाळ यांस विचारल्याखेरीज तो पुरा समजूं नये.

संशोधकांसही येथें काम आहे. जुन्या दफ्तरांत विहिरी, ओढे व गायरानें यांचे उल्लेख सांपडतात. पैठणपासून शहागडापर्यंतचे असे उल्लेख गांववार उतरून त्या त्या ग्रामसभेकडे पाठवावे. बुजलेल्या विहिरींचा शोध तेथूनच लागण्यासारखा आहे.