उपग्रहाची साक्ष आणि नागलीचे वावर

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा पायी मोर्चा १२ तारखेला मुंबईत पोहोचला. सुरगाणा, पेठ या भागांतले आदिवासी त्यात मोठ्या संख्येने होते. त्यांची मुख्य मागणी होती, पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेल्या वनजमिनीवरच्या हक्काची. २००६ चा वनहक्क कायदा हा हक्क मान्य करतो; मात्र १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन ताब्यात असल्याचे दाखवावे लागते. ज्याच्याकडे सातबारा नाही, दंडाची पावतीही नाही, त्याने ते दाखवायचे कसे? अशा वेळी त्या काळातले उपग्रहचित्र काढून पाहिले जाते. ही साक्ष कितपत पुरेशी आहे, हे ठरवण्यासाठी उपग्रह पाहतो कसा, ते समजून घ्यायला हवे.

हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परतवते. या दोहोंतल्या फरकावरून हिरवाई ओळखली जाते. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून वनस्थिती अहवाल काढते. त्यासाठी बराच काळ वापरल्या गेलेल्या लिस-३ या कॅमेऱ्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा २३.५ मीटर बाजूचा चौकोन. अर्ध्या एकराचे वावर जेमतेम चार ठिपक्यांत संपते, आणि कडेच्या ठिपक्यांत शेत व रान एकमेकांत मिसळून जातात.

काळाचाही प्रश्न आहे. आकाश निरभ्र असावे आणि पानझडी झाडांवर पाने असावीत, म्हणून अहवालासाठी साधारणपणे ऑक्टोबर ते डिसेंबरमधली चित्रे घेतात. याच दिवसांत डोंगरउतारावरची नागली, वरई कापून होते. बांधावर राखलेले मोह, आंबा आणि मध्ये मोकळे वावर, हे वरून विरळ रानासारखे भासू शकते. उलट उन्हाळ्यात साग निष्पर्ण झाला की खरे रानही उजाड दिसते.

शिवाय अहवालातली व्याख्या वेगळीच आहे. किमान एक हेक्टर क्षेत्र आणि दहा टक्क्यांहून अधिक वृक्षछत्र असले, की मालकी कोणाचीही असो, ते वनाच्छादन. त्यात आमराईही मोडते. म्हणून वनाच्छादनाचा आकडा वाढला म्हणजे जंगल वाढलेच, असे नाही.

तरीही ही चित्रे टाकाऊ नाहीत. जुन्या चित्रात साफ केलेली जमीन स्पष्ट दिसली, तर कागद नसलेल्या दावेदाराला तोच आधार. आणि २००५ नंतरची नवी तोडही तीच उघड करतात. प्रश्न एकट्या चित्रावर निकाल देण्याचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने नियमांतच स्पष्ट केले आहे, की उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांना पर्याय नाही. त्या इतर पुराव्यांत घर, बांध, विहीर, दफनभूमी, देवस्थान येतात आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाबही येतो. झाड कुठे आहे हे उपग्रह सांगू शकतो. ते कोणी राखले, हे मात्र त्या म्हाताऱ्यालाच विचारावे लागते.