पोलिसांनी नेलेला मुलगा कुठे आहे? केरळच्या एका बापाने सरकारला बोलतं कसं केलं

घरातला माणूस पोलिसांनी नेला आणि पुढे त्याचा पत्ताच लागत नाही. अशा वेळी घरच्यांनी काय करायचं? कायद्यात त्यासाठी हेबियस कॉर्पस याचिका आहे. ‘माणूस कुठे आहे ते सांगा, त्याला कोर्टापुढे आणा,’ अशी ही मागणी. तिची ताकद आणि मर्यादा दोन्ही केरळच्या राजन प्रकरणात दिसतात.

आणीबाणीत, १ मार्च १९७६ रोजी पोलिसांनी कालिकतचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी पी. राजन याला उचललं. नक्षलवाद्यांनी पोलीस स्टेशनवर केलेल्या हल्ल्यात तो होता, असा संशय होता. वडील टी. व्ही. ईचर वारियर हिंदीचे प्राध्यापक. त्यांनी मंत्र्यांचे उंबरे झिजवले, अर्जावर अर्ज केले. कुणीच दाद दिली नाही. कोर्टाचं दारही बंद झालं, कारण आणीबाणीत अशी याचिका चालणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने एप्रिल १९७६ मध्ये दिला.

२१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली. चारच दिवसांत वारियर केरळ हायकोर्टात गेले. राजनला अटकच केली नव्हती, असं सरकारने शपथपत्रावर सांगितलं. पण कॉलेजचे प्राचार्य आणि इतरांची साक्ष आड आली. राजन पोलिसांच्याच ताब्यात होता, त्याला हजर करा, असा आदेश कोर्टाने १३ एप्रिलला दिला. शेवटी तो कोठडीत मेल्याचं सरकारला कबूल करावं लागलं. मुख्यमंत्री के. करुणाकरन यांची खुर्ची गेली.

पण मृतदेह कधीच मिळाला नाही. खालच्या कोर्टात शिक्षा झालेले पोलीस अधिकारी अपिलात सुटले.

आपल्या कामाचं काय?

- अटकेनंतर, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत आरोपीला मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं.
- ही याचिका आई-बाप, नातेवाईक किंवा मित्रही करू शकतात. ती हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात होते. मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगरचं, विदर्भासाठी नागपूरचं खंडपीठ जवळचं.
- कधी नेलं, कुणी नेलं, कुणी पाहिलं, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. अर्ज तोंडी नको, लेखी द्या आणि पोच घ्या.
- वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत चौकशी करा.

१९७८ च्या घटनादुरुस्तीनंतर जगण्याचा हक्क आणीबाणीतही थांबवता येत नाही. वारियर यांना वर्षभर जे दार बंद होतं, ते आता तसं बंद करता येणार नाही.