विश्लेषण : ब्रिटनमध्ये अल्पसंख्याकांसाठी वेगळ्या पद्धतीचे समुपदेशन का?

छातीत दडपण येते, डोके जड होते, जीव घाबराघुबरा होतो... दक्षिण आशियाई घरांत मनाचे दुखणे अनेकदा असे शरीराच्या भाषेत सांगितले जाते. ‘मला नैराश्य आले आहे’ असे क्वचितच कोणी म्हणते. मग समोरचा इंग्रज डॉक्टर डोकेदुखीवर गोळी लिहून देतो आणि मूळ दुखणे तसेच राहते.

प्रश्न किती मोठा?

२०२१च्या जनगणनेनुसार इंग्लंड व वेल्समध्ये ९.३ टक्के लोक आशियाई, तर ४ टक्के कृष्णवर्णीय आहेत. मानसिक आरोग्य कायद्याखाली सक्तीने रुग्णालयात ठेवले जाण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या तुलनेत कृष्णवर्णीयांत साडेतीन ते चार पट आहे. म्हणजे त्रास हाताबाहेर गेल्यावर यंत्रणा धावून येते. त्याआधीच्या समुपदेशनाच्या टप्प्यावर मात्र ती पोहोचत नाही.

दुभाषा दिला की झाले?

नाही. मानववंशशास्त्रज्ञ इंगा-ब्रिट क्राउस यांनी १९८९ मध्ये बेडफर्डमधील पंजाबी लोकांच्या ‘काळीज खचण्या’विषयी लिहिले. त्यात शरीराची धडधड, चिंता आणि लोकलाज असे सगळे एकत्र येते. एका इंग्रजी शब्दात ते बसवता येत नाही. शिवाय दुभाषा आपल्याच समाजातला असेल तर ‘ही गोष्ट चार घरांत जाईल’ ही भीती असते आणि परका असेल तर बारकावे निसटतात. घरातल्या मुलाला किंवा नवऱ्याला दुभाषा म्हणून बसवणे तर सर्वांत वाईट. सासरच्या जाचाबद्दल नवऱ्यासमोर कोण बोलणार?

मग काय केले जाते?

मानसोपचारतज्ज्ञ जाफर करीम यांनी १९८३ मध्ये लंडनमध्ये ‘नफ्सियात’ हे केंद्र सुरू केले. उर्दूत या शब्दाचा अर्थच मानसशास्त्र. रुग्णाची भाषा, धर्म, स्थलांतर आणि वाट्याला आलेला वर्णभेद हे सगळे उपचाराचाच भाग, ही तिथली भूमिका. लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी मुस्लीम रुग्णांसाठी श्रद्धेचा आधार घेणारी उपचारपद्धती विकसित केली.

सर्वांत बोलका पुरावा ‘रोशनी-२’ या चाचणीचा. बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या ७३२ ब्रिटिश दक्षिण आशियाई महिला तिच्यात होत्या. त्यातील निम्म्यांसाठी त्यांच्या भाषेत, संस्कृतीला धरून १२ गटबैठका घेण्यात आल्या. कार्यक्रमाचे नावही ‘पॉझिटिव्ह हेल्थ प्रोग्रॅम’. नैराश्याचा उल्लेखच नाही. त्यामुळे घरी सांगून बाहेर पडणे सोपे, हे नाव ठेवणाऱ्यांनी नेमके ओळखले. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार चार महिन्यांनी गटातील ४९ टक्के महिला सावरल्या, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३७ टक्के होते.

अडचण कुठे?

त्याच चाचणीत वर्षभरानंतर दोन्ही गटांतला फरक जवळपास पुसला गेला. १२ बैठका संपल्यावर पुढे काय, याचे उत्तर अद्याप नाही. दुसरा धोका ठोकळेबाजपणाचा. ‘आशियाई म्हणजे एकत्र कुटुंब’ असे गृहीत धरणारा समुपदेशक बर्मिंगहॅममध्येच वाढलेल्या तरुणीलाही सासू-सुनेच्या चौकटीत बसवू शकतो. २०२३ पासून इंग्लंडच्या आरोग्यसेवेत मानसिक आरोग्य संस्थांसाठी वांशिक समानतेची स्वतंत्र चौकट लागू झाली आहे. या संस्थांना आता रुग्ण आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांचे म्हणणे ऐकून सेवेत बदल करावे लागतील.