उपग्रह-यंत्राची स्मृति आणि शेतकऱ्याची वही

शेतांतील बोअर, जमिनीखालून गेलेली पाइपलाइन, तिचे व्हॉल्व्ह, झुडपांत बुजलेले दगड यांचीं ठिकाणें टिपून ठेवण्यासाठीं कांहीं बागाइतदारांनीं हातांत मावणारें जीपीएस यंत्र पूर्वींच विकत घेतलें आहे. मोबाईल घरोघर आल्यावरही अशीं जुनीं यंत्रें कपाटांत जपलेलीं असतात, व त्यांतील नोंदींवर मालकाचा भरंवसा असतो. हा सारा भरंवसा पुष्कळदां बटनाएवढ्या एका सेलवर उभा असतो, ही गोष्ट मात्र फारशी कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आमच्या घरीं ती कशी कळली, तें प्रथम सांगतों.

माझ्या थोरल्या बंधूंनीं विहिरीपासून वरच्या पट्टीपर्यंत पाइपलाइन नेली, तेव्हां सर्व जोड व व्हॉल्व्ह मिळून चाळीस ठिकाणें यंत्रांत नोंदविलीं. चर बुजला, वर ऊंस उभा राहिला. पुढें बंधू वारले. यंत्र दीड वर्ष पेटींत तसेंच पडून होतें. वैशाखांत लाइन फुटली म्हणून पुतण्यानें तें काढून नवे सेल घातले. यंत्र सुरू झालें, पण नोंदींच्या जागीं कांहींच नव्हतें. "काका, आबांनीं कोठें लिहून ठेवलें असेल का?" असें त्यानें विचारलें. शोध करितां एका जुन्या पावतीच्या पाठीवर सात ठिकाणांचे आकडे सांपडले. तेवढ्यावरून अंदाज बांधून खणावें लागलें. बंद करावयाचा व्हॉल्व्ह हातीं लागण्यास नऊ दिवस गेले, आणि तोंपर्यंत उसाची एक बाजू करपून गेली.

असें कां घडलें, हें समजून घेणें जरूर आहे. यंत्रांत दोन प्रकारची माहिती सांठलेली असते. पहिली आकाशांतून येते. जीपीएसचे उपग्रह सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांपैकीं पहिला १९७८ सालीं सोडण्यांत आला व १९९५ सालीं ही व्यवस्था पूर्ण झाली. प्रत्येक उपग्रह आपली वेळ, आपला मार्ग आणि इतर उपग्रहांचें ढोबळ पंचांग सतत पाठवीत असतो. हें संपूर्ण पंचांग यंत्रांत उतरण्यास १२॥ मिनिटें लागतात. दुसरी माहिती म्हणजे आपण स्वतः शेतांतून हिंडून नोंदविलेलीं ठिकाणें.

जुन्या बनावटीच्या अनेक यंत्रांत ही दोन्ही माहिती अशा स्मृतींत राहते, कीं जिला थोडी कां होईना पण अखंड वीज लागते. मोठे सेल काढले असतां ती वीज आंतील लहान लिथियम सेल पुरवितो. सीआर २०३२ हा नेहमींचा सेल २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा व ३ व्होल्टचा असतो. त्याचा सांठा सुमारें २२० मिलिअँपिअर-तास धरला व स्मृतीस ५ मायक्रोअँपिअर वीज लागते असें मानलें, तर तो हिशेबानें ४४,००० तास, म्हणजे सुमारें ५ वर्षें पुरेल. कांहीं यंत्रांतील लहान सेल पुन्हां भरणारा असतो व मोठ्या सेलांवरून भरला जातो. असें यंत्र कांहीं महिने पडून राहिलें तरी तो उतरतो. आमचें यंत्र याच जातीचें होतें.

सेल उतरला तरी आकाशांतून आलेली माहिती पुन्हां मिळते. यंत्र मोकळ्या आभाळाखालीं, झाडांपासून दूर, अर्धा तास स्थिर ठेवलें कीं तें पंचांग नव्यानें उतरवून घेतें. परंतु हें यंत्र उपग्रहांचें केवळ ऐकतें; त्यांस कांहीं कळवीत नाहीं. म्हणून आपण नोंदविलेलीं ठिकाणें कोणताही उपग्रह परत देऊं शकत नाहीं. जपावयाचें तें हेंच.

सेल उतरूं लागल्याचीं चिन्हें ओळखतां येतात. यंत्र सुरू करतांच तारीख व वेळ चुकीची दिसते. ठिकाण दाखविण्यास पूर्वींपेक्षां फार उशीर होतो. आपण ठरविलेलीं मापें व भाषा बदलून मूळचीं येतात. तारखेविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. उपग्रह आठवडे ० पासून १०२३ पर्यंत मोजतात. ही मोजणी ऑगस्ट १९९९ व एप्रिल २०१९ मध्यें पुन्हां शून्यावर आली. त्यामुळें जुनें यंत्र सुमारें १९॥ वर्षें मागची तारीख दाखवीत असेल, तर तो दोष सेलचा नसूं शकेल.

चिन्ह दिसतांच सेल बदलण्याची घाई करूं नये. प्रथम सर्व नोंदी कागदावर उतरवाव्या. मग यंत्राच्या माहितीपुस्तिकेंत लहान सेल कोणत्या जातीचा आहे व तो काढतांना मोठ्या सेलांची वीज स्मृतीस मिळत राहते कीं नाहीं, हें पाहावें. मिळत असल्यास मोठे सेल ताजे घालून मगच लहान सेल बदलावा. तो डाखानें जोडलेला असेल तर जाणत्या कारागिराकडे द्यावा. लिथियम सेलला प्रत्यक्ष डाख लावल्यास तो तापून फुटण्याचें भय असतें. पट्ट्या जोडलेला सेलच वापरावा. पुन्हां भरणाऱ्या सेलच्या जागीं साधा सेल मुळींच घालूं नये, कारण तो भरला जाऊन फुटूं शकतो. काढलेला सेल मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. तो गिळला गेल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजते. असें झाल्यास तत्काळ दवाखाना गांठावा. पुन्हां भरणाऱ्या सेलचें यंत्र असेल, तर महिन्यांतून एकदां ताजे सेल घालून कांहीं तास सुरू ठेवावें.

आतां वहीविषयीं. ठिकाणाचें नांव, अक्षांश, रेखांश, नोंदीची तारीख व यंत्रावर कोणता आधार लावला होता (बहुधा 'डब्ल्यूजीएस ८४') असे रकाने आंखावे. आधार बदलला तर तेच आकडे दुसरी जागा दाखवितात. अक्षांशाच्या अंशांतील पांचवा दशांश सुमारें १.१ मीटरचा व चौथा ११ मीटरचा असतो. म्हणून एक आंकडा चुकला तरी खड्डा भलतीकडे पडतो. एकानें वाचावें, दुसऱ्यानें लिहावें, आणि शेवटीं उलट वाचून रुजवात घ्यावी. शिवाय विहिरीचा कठडा, घराचा कोपरा अशा दोन कायम खुणांपासून टेपनें मोजलेलें अंतर लिहावें, म्हणजे यंत्रावांचूनही जागा सांपडेल. वहीची दुसरी प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी.

हीं ठिकाणें हद्दीचा पुरावा मात्र नव्हेत. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे सुमारें १० मीटर. हातांतील यंत्र मोकळ्या जागींही ३ ते ५ मीटर चुकूं शकतें, म्हणजे जवळजवळ अर्ध्या बाजूएवढें! हद्दीचा वाद असेल तर भूमि अभिलेख कार्यालयाकडे रीतसर मोजणीचा अर्ज करावा.

अलीकडच्या बहुतेक यंत्रांत व मोबाईलमध्यें नोंदी विजेवांचून टिकणाऱ्या स्मृतींत राहतात. तरी मोबाईल विहिरींत पडतो, चोरीस जातो, त्याचा परवलीचा शब्द धन्याबरोबर जातो. १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून सुरू झालेल्या पाहणींत ३३ फुटी साखळीनें मोजून टिपणें लिहिण्याची पद्धत पडली. जुनीं टिपणें आजही मोजणीच्या वेळीं बाहेर काढलीं जातात. आमच्या पुतण्यानें या हिवाळ्यांत उरलेल्या तेहतीस ठिकाणांपैकीं अठ्ठावीस पुन्हां शोधून वहींत लिहिलीं. पांच अजून सांपडलीं नाहींत. ज्यांच्या घरीं जाणतें माणूस आहे व यंत्र सुरू आहे, त्यांनीं या आठवड्यांतच दोघांस बरोबर घेऊन शेतांतून एक फेरी मारावी.