मावळातले डुक्कर, आफ्रिकेतला झेब्रा

अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, कुठेही जा; भात पोटरीला आले की डोंगरकडेच्या खाचरांवर रात्रीची राखण सुरू होते. एवढे करूनही रानडुकरांचा कळप येऊन गेलाच, तर सकाळी खाचर नांगरल्यासारखे दिसते. मग वर्गातली मुलेही विचारतात, "सर, यांना मारायची परवानगी का नाही?"

परवानगी आहे, पण अगदी अरुंद दाराने. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मुळात शिकारीचे परवाने होते, हे आज अनेकांना ठाऊक नसते. १९९१ च्या दुरुस्तीने ते बंद झाले. उरले कलम ११. प्राणी माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला घातक ठरला, तर अधिकारी कारणे नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. मारलेले जनावर मात्र सरकारचे. शेतकऱ्याच्या वाट्याला फक्त राखलेले पीक.

गंमत म्हणजे त्याच १९९१ साली दक्षिण आफ्रिकेने नेमके उलटे केले. ज्याचे रान नीट कुंपणाचे, त्यातले वन्य जनावर त्याच्या मालकीचे, असे कायद्याने मानले. तिथला केप डोंगरी झेब्रा १९५० च्या सुमारास शंभराच्याही आत आला होता. त्याच्यासाठी १९३७ साली क्रॅडॉकजवळ राष्ट्रीय उद्यान काढले, पण सुरुवातीला त्यात पाच नर आणि एकच मादी होती! ती वंशावळ टिकली नाही. पुढे शेजारच्या शेतमालकांनी दिलेल्या झेब्र्यांवर कळप वाढला आणि आता संख्या हजारांत आहे. २०१६ साली आंतरराष्ट्रीय व्यापारावरील कडक बंदी सैल करून मर्यादित शिकारीला वाट दिली गेली.

ही मर्यादा ठरवायची कशी? डोंगरी झेब्र्याची मादी वर्षभर गाभण राहून एकच शिंगरू देते, तेही साधारण दोन वर्षांनी. म्हणजे दहा माद्यांमागे वर्षाला पाच शिंगरे, आणि त्यांतलीही काही दगावणार. एका नराभोवती दोन-चार माद्या असतात; बाकीचे नर वेगळ्या टोळीने हिंडतात. त्या टोळीतला एखादा गेला तर जन्मदर फारसा घटत नाही. तीच गोळी मादीला लागली तर पुढची सगळी पिढी गेली. म्हणून किती मारायचे यापेक्षा कोणते मारायचे हे महत्त्वाचे.

रानडुकराचे गणित निराळे. मादी चार महिन्यांच्या आत विते आणि चार-सहा पिले देते. युरोपात जिथे शिकार जोरात होते तिथे माद्या लवकर वयात येतात, असे दिसले आहे. तेव्हा सुळेवाला एकटा नर पाडला की फोटो चांगला येतो, पण पुढच्या हंगामात भाताला त्याचा काही उपयोग होत नाही.

फासकी आणि गावठी बॉम्ब हा बेकायदा मार तर आंधळाच. फासक्यात डुक्कर सापडेलच असे नाही. तीच वाट बिबट्याचीही असते, आणि डुकराची पिले खाणाऱ्यांत तोही आहे.

शाळेला करता येईल असे एक काम सुचवतो. गावच्या नकाशावर नुकसान झालेली खाचरे रंगवा, प्रत्येकाचे रानकडेपासूनचे अंतर पावलांनी मोजा आणि तारीख लिहा. दोन हंगामांच्या नोंदी झाल्या की डुकरे कोणत्या ओढ्याने उतरतात हे मुलेच दाखवतील, आणि राखण कुठे बसवायची तेही.