परिवलन काच
अचुंबकीय धातूत अल्प प्रमाणात चुंबकीय अणू विखुरलेले असता नीच तापमानास आढळणारी, अणूंची परिवलने यदृच्छ दिशांना गोठलेली अवस्था. हिला ‘स्पिन ग्लास’ असेही म्हणतात. तांब्यातील मँगॅनीज व सोन्यातील लोह ही तिची परिचित उदाहरणे होत. काचेत जशी अणूंच्या स्थानांत सुव्यवस्था नसते, तशी येथे परिवलनांच्या दिशांत नसते.

दोन चुंबकीय अणूंमधील अंतरानुसार त्यांची परिवलने समांतर वा प्रतिसमांतर राहू पाहतात. तीन परिवलनांच्या त्रिकोणात प्रत्येक जोडीस प्रतिसमांतर राहावयाचे असेल, तर कोणत्याही मांडणीत किमान एक जोडी असंतुष्ट राहते. यास ‘वैफल्य’ म्हणतात. त्यामुळे न्यूनतम ऊर्जेच्या जवळपास असणाऱ्या परस्परभिन्न मांडण्या असंख्य होतात. त्रिमितीय जालकात न्यूनतम ऊर्जेची मांडणी शोधणे हा संगणनाच्या दृष्टीने अत्यंत दुष्कर प्रश्नांपैकी एक आहे, असे एफ्. बाराहोना यांनी १९८२ मध्ये दाखविले.

डेव्हिड शेरिंग्टन व स्कॉट कर्कपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये प्रत्येक परिवलनाची इतर सर्वांशी यदृच्छ परस्परक्रिया असलेली प्रतिकृती मांडली. यदृच्छ परस्परक्रियांवर सरासरी काढण्यासाठी त्यांनी प्रणालीच्या अनेक नकला कल्पून त्या परस्परसमान मानल्या. परंतु या उत्तरानुसार निरपेक्ष शून्य तापमानास एंट्रॉपी ऋण येते. एंट्रॉपी ही शक्य मांडण्यांच्या संख्येचा लॉगरिथम असून ती संख्या एकाहून कमी नसते. म्हणून हे उत्तर अशक्य ठरते. जे. आर्. एल्. द आल्मेईदा व डी. जे. थाउलेस यांनी १९७८ मध्ये नीच तापमानास ते अस्थिर असल्याचे सिद्ध केले.

जॉर्जो पारीझी यांनी १९७९ मध्ये नकला समान असल्याचे गृहीत सोडून दिले. त्यांच्या उत्तरात प्रणालीच्या अनेक अवस्था संभवतात व त्यांच्यातील साम्य वंशवृक्षाप्रमाणे श्रेणीबद्ध असते. शून्य तापमानास एंट्रॉपी शून्य होते आणि प्रत्येक परिवलनामागील ऊर्जा योग्य एककांत −०·७९८ ऐवजी सु. −०·७६३ येते. फ्रांचेस्को ग्वेर्रा यांनी २००३ मध्ये सूत्राची एक बाजू व मीशेल तालाग्रां यांनी २००६ मध्ये संपूर्ण सूत्र काटेकोर गणिताने सिद्ध केले. पारीझी यांना २०२१ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला.

तथापि या प्रतिकृतीत अंतराला स्थान नाही. प्रत्यक्ष त्रिमितीय पदार्थांत, जेथे परस्परक्रिया अंतरानुसार क्षीण होते, हीच बहुअवस्था रचना आढळते की केवळ परस्परांची उलट प्रतिमा असलेल्या दोनच अवस्था असतात, हा प्रश्न अनिर्णित आहे.