देवळे पाडली, ओवी राखली
फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणामागचे मध्ययुगीन इंग्लंड

इसवी सन ६०१. रोमचे पोप पहिले ग्रेगरी यांनी इंग्लंडकडे निघालेल्या मेलिटस नावाच्या धर्मोपदेशकाला एक पत्र लिहिले. इंग्रज लोक तेव्हा अनेक देवांचे उपासक होते. पोपने कळवले की त्यांची देवळे पाडू नका. आतल्या मूर्ती काढा, तीर्थ शिंपडा आणि वास्तू तशीच वापरा, म्हणजे लोक सवयीच्या जागी येत राहतील. बैल मारून होणारे त्यांचे सणही मोडू नका, ते ख्रिस्ती सणांच्या दिवशी होऊ द्या. विशेष म्हणजे काही आठवड्यांपूर्वीच याच पोपने केंटच्या एथेलबर्ट राजाला देवळे उद्ध्वस्त करण्याचा उपदेश केला होता. ही दोन्ही पत्रे बीड नावाच्या मठवासी पंडिताने ७३१ मध्ये पूर्ण केलेल्या इंग्रजांच्या धर्मेतिहासात उतरवून ठेवली आहेत.

त्याच ग्रंथात कॅडमन नावाच्या गुराख्याची गोष्ट येते. मेजवानीत वाद्य हातोहात फिरत आपल्याकडे येऊ लागले की हा उठून जायचा, कारण त्याला गाणे येत नसे. एका रात्री स्वप्नात कोणीतरी त्याला सृष्टीच्या उत्पत्तीवर गायला सांगितले आणि तो गाऊ लागला. पुढे व्हिटबीच्या मठात विद्वान त्याला बायबलातील कथा समजावून सांगत आणि तो त्या इंग्रजी पद्यात बांधत असे. कथा बाहेरून आलेली, छंद मात्र घरचा. इंग्रजी धार्मिक काव्याची सुरुवात अशी झाली.

हा धागा पुढची नऊशे वर्षे तुटला नाही. १२८१ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप पेकम यांनी आज्ञा काढली की प्रत्येक पाद्रीने वर्षातून चार वेळा लोकांना धर्माची मुख्य तत्त्वे त्यांच्याच भाषेत समजावून सांगावीत. आपल्याकडे ज्ञानेश्वरी १२९० ची. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १३०० च्या सुमारास, उत्तर इंग्लंडमध्ये ‘कर्सर मुंडी’ हे जवळजवळ तीस हजार ओळींचे काव्य रचले गेले. त्यात सृष्टीच्या आरंभापासून अंतिम निवाड्यापर्यंतची सारी कथा आहे. लोकांना अलेक्झांडर आणि आर्थर यांच्या कथांची गोडी आहे, असे अनाम कवी आरंभीच नोंदवतो आणि ज्यांना फ्रेंच कळत नाही अशा इंग्रजांसाठी आपण इंग्रजीत लिहितो, असेही सांगतो. म्हणजे जुन्या कथांच्या जागी नवी कथा द्यायची, पण ऐकणाऱ्याची आवड ओळखून.

इथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. विक्लिफच्या अनुयायांनी चौदाव्या शतकाच्या अखेरीस बायबलचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा चर्च घाबरले. आर्चबिशप अरुंडेल यांनी १४०९ मध्ये परवानगीवाचून नवे भाषांतर करण्यावर आणि वाचण्यावर बंदी जाहीर केली. मात्र त्यांनीच निकोलस लव्ह यांच्या इंग्रजीतील ख्रिस्तचरित्राला मान्यता दिली. भाषांतर नको, कथाकथन चालेल, अशी ही वाट होती. गावोगावी होणारी धर्मनाटकेही याच वाटेवरची. यॉर्क शहरात प्रत्येक कसबी जमातीकडे एकेक प्रसंग असे. नोहाची नौका जहाजबांधणारे सुतार बांधीत आणि शेवटचे भोजन बेकरीवाले सादर करीत. धर्मसुधारणेच्या लाटेत हे सारे बुडाले. यॉर्कचा शेवटचा प्रयोग १५६९ चा, चेस्टरचा १५७५ चा.

१५७५ मध्येच विल्टशरकडचा एक तरुण इंग्रज रोममध्ये जेझुइट झाला. तो थॉमस स्टीफन्स. त्याचा जन्म १५४९ च्या सुमाराचा. एप्रिल १५७९ मध्ये त्याने लिस्बन सोडले आणि ऑक्टोबरमध्ये तो गोव्यात उतरला. पुढची चाळीस वर्षे, १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो गोव्यातच राहिला. त्यातला बराच काळ साष्टीत गेला.

त्या साष्टीची अवस्था काय होती? १५६७ मध्ये पोर्तुगीज सत्तेने तिथली शेकडो देवळे पाडली होती. याच काळात भाविकांनी मंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळला आणि शांतादुर्गेला केळशीहून कवळ्याला हलवले. जुनी पोथ्या-पुराणेही निषिद्ध ठरली. जुलै १५८३ मध्ये कुंकळ्ळीच्या ग्रामस्थांनी पाच जेझुइटांना ठार केले. अकबराच्या दरबारात जाऊन आलेला रुडॉल्फ अक्वाव्हिवा त्यांपैकी एक. ग्रेगरीच्या दुसऱ्या पत्रातला सल्ला इथे कोणी मानला नव्हता, पहिल्या पत्रातला मानला होता.

ख्रिस्तपुराणाच्या पहिल्याच अवस्वरात (स्टीफन्स अध्यायाला अवस्वर म्हणतो) एक प्रसंग आहे. धर्मशिक्षणानंतर बाटलेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो: तुम्ही आमची मराठीतली पुराणे वर्ज्य केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरे पुस्तक का देत नाही? सगळा ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर म्हणून उभा आहे. हा प्रश्न मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी मला त्यात दोन सूर ऐकू येतात, एक नव्या धर्मातल्या जिज्ञासूचा आणि दुसरा घर रिकामे झालेल्या माणसाचा. स्टीफन्सने हा प्रश्न झाकून ठेवला नाही, ग्रंथाच्या दारातच मांडला.

उत्तर त्याने ओवीत दिले. पहिल्या पुराणात ३६ अवस्वर, दुसऱ्यात ५९ आणि एकूण ओव्या सुमारे अकरा हजार. पहिल्यात सृष्टी, आदाम, नोहा, मोझेस, दावीद. दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. प्रारंभी आपल्या पोथ्यांप्रमाणेच नमन आहे आणि स्वर्गाला शब्द आहे वैकुंठ. लोकभाषेतील बायबलवर कॅथलिक चर्चने सोळाव्या शतकात परवानगीचे कुंपण घातले होते, पण पुराण म्हणजे भाषांतर नव्हे, कथन. लव्ह यांना इंग्रजीत जी वाट मिळाली, तीच स्टीफन्सला मराठीत मिळाली.

त्याच्यावर ‘कर्सर मुंडी’चा प्रभाव होता, असा माझा दावा नाही. माझे म्हणणे साधर्म्यापुरते आहे. कॅडमनपासून धर्मनाटकांपर्यंत इंग्लंडमध्ये जी रीत होती, ती मायदेशी मोडली गेली त्याच पिढीत एका इंग्रजाने साष्टीत मराठीत चालवली. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली तेव्हा हा गोव्यात होता. ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले, तेव्हा तुकोबा लहान होते.

छापले गेले ते रोमन लिपीत. १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा आवृत्त्या निघाल्या, पण या तिन्हींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने लोकांनी स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागावे, असा हुकूम काढला. देवळांनंतर पाळी भाषेची आली. ग्रंथ तगला तो हस्तलिखित प्रतींमुळे. १९०७ मध्ये सालढाणा यांनी मंगळूरला त्याची रोमन लिपीतली आवृत्ती काढली. देवनागरी हस्तलिखित लंडनच्या मार्सडेन संग्रहात सापडले आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली.

आपण मराठी माणसे या ग्रंथातल्या मराठीच्या स्तुतीच्या ओव्या तेवढ्या उचलतो, भाषा दिनाला म्हणतो आणि पुस्तक मिटतो. काहीजण उलट, बाटवाबाटवीचे साधन म्हणून ते उघडतच नाहीत. मला दोन्ही अपुरे वाटते. मराठीवरचे त्याचे प्रेम खरे आहे आणि ज्या सत्तेच्या छायेत ते फुलले ती क्रूर होती, हेही खरे आहे. स्तुतीच्या ओव्या वाचताना त्या ब्राह्मणाचा प्रश्नही वाचावा.

आमच्या लोणी काळभोरला दर आषाढी वारीत तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. त्या रात्री दिंड्यांतून आवाज येत राहतात. साष्टीतल्या त्या श्रोत्यांकडे देव, देऊळ, पोथी यांतले काही उरले नव्हते, तरी ओवी कानावर पडताच ती कशी म्हणायची हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसेल.